घंटेवाल्याचा खून

दार वाजवलं की ते दारासमोर उभे राहत नसत. एक पाऊल बाजूला सरायचे, भिंतीला खांदा टेकवायचे आणि वाट बघायचे. आमच्या कॉम्प्युटर क्लासचं दार काचेचं होतं, दिवसभर उघडंच असायचं. तरीही ते आधी बाजूला उभे राहत आणि मी "या काका" म्हटल्यावरच चपला काढून आत येत.

एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "सवय, मॅडम. समोर उभं राहिलं की माणूस फटीतून बघतो आणि परसदारानं पसार होतो. बाजूला राहिलं की त्याला वाटतं, गेला. मग खात्री करायला तो स्वतःच दार उघडतो. उघडलं की कागद हातात."

एकतीस वर्षं ते कोर्टात बेलिफ होते. नगर जिल्ह्यातल्या चार-पाच तालुक्यांत बदल्या होत होत त्यांनी समन्सं आणि नोटिसा लोकांच्या हातांत दिल्या आणि निवृत्त होऊन सावेडीत मुलीच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. बी.एस्सी. झाले होते आणि नव्व्याण्णव साली सावेडीतल्याच त्या क्लासमध्ये शिकवत होते. मुलं मला मॅडम म्हणत, म्हणून तेही मॅडमच म्हणत. माझ्या वडिलांपेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस मला "येऊ का मॅडम" विचारतो याची सुरुवातीला लाज वाटायची. पुढे सवय झाली. लाज वाटण्यासारखं मी जे केलं ते नंतरचं.

त्यांना कॉम्प्युटर कशाला शिकायचा होता, हे क्लास चालवणाऱ्या आमच्या सरांनाही कोडं होतं. ते सांगत, "उद्या समन्स तारेतून जाणार म्हणतात. कसं जातं ते बघायचंय. तारेला दाराच्या बाजूला उभं राहता येतं का?" एका बोटानं टाइप करत. खांद्याला चामडी पिशवी, खिशाला दोन पेनं आणि पिशवीत खळीची डबी. दारावर नोटीस चिकटवायची खळ. निवृत्तीनंतर तिचा उपयोग काय, तर आमच्या नोटीस बोर्डावरचे सुटलेले कागद ते येता-जाता चिकटवून टाकत.

माणूस घरात आहे की नाही हे त्यांना बाहेरून कळे. एक मुलगा क्लासचं पुस्तक घेऊन गायब झाला होता. सरांनी सहज यांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर. मुलाची आई म्हणाली होती, तो शिर्डीला गेलाय, गुरुवारी येईल. यांनी मोरीच्या खिडकीकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, "ताई, शिर्डीला गेलेल्या माणसाचा दाढीचा ब्रश ओला कसा?" मुलगा आतून पुस्तक घेऊन बाहेर आला. हे सांगताना ते हसले नाहीत. "त्या माऊलीला खोटं बोलावं लागलं," एवढंच म्हणाले. "आपण दार वाजवतो म्हणून लोक खोटं बोलतात. म्हणून दार उगाच वाजवू नये."

कागदाविषयी त्यांना फार आदर होता. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हा हे शाळकरी होते. नोकरीत लागले तरी खेड्यांत लोक यांना अंगणाच्या पुढे येऊ देत नसत. "पण मॅडम, ज्याला माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याला माझ्या हातून कागद घ्यावाच लागायचा. घेऊन सही करावी लागायची. वर सरकारचा शिक्का. म्हणून मी तो कागद कधी फेकला नाही, कधी उंबऱ्यावर ठेवला नाही. हातात दिला." असं म्हणून ते उजवा तळहात थोडा पुढे करत. तो हात मला अजून दिसतो.

दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असे. सर जेवायला घरी जात, मी डबा खाऊन कोपऱ्यातल्या मशीनवर गेम खेळत बसे. माझ्या मावसभावानं पुण्याहून सीडी आणून दिली होती. लपूनछपून हिंडायचा खेळ होता. जुनं दगडी शहर, रात्रीची वेळ, आपण एक भाडोत्री माणूस. उजेडात यायचं नाही, फरशीवर पाय वाजू द्यायचा नाही, पहारेकऱ्यांच्या पाठीमागून जायचं आणि सांगितलेली वस्तू घेऊन यायची. कुणाला मारलं तरी चाले, न मारलं तरी चाले. मुख्य कामं ठरलेली, आणि मधे-मधे सरायांत बसलेली माणसं आपली खाजगी कामं सांगत. केली तर बक्षीस, नाही केली तरी खेळ पुढे जातो.

काका एक दिवस लवकर आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी एका पहारेकऱ्याच्या मागून भराभर निघाले होते. ते हळूच म्हणाले, "थांबा. त्याला खोकू द्या. खोकताना माणसाला ऐकू येत नाही." पहारेकरी खरंच खोकला आणि मी निसटले. त्या दिवसापासून आमची जोडी जमली. माझे हात, त्यांचं डोकं. खेळात जागोजागी पत्रं आणि दप्तरं सापडत, जुन्या वळणाचं अवघड इंग्रजी. मी ती वाचायचीच नाही. ते मात्र चष्मा लावून शब्द न् शब्द वाचत. कोर्टातल्या इंग्रजीवर आयुष्य गेलेलं, त्यांना ते सोपं जाई.

त्यांचे दोन नियम होते. एक, कुणाला मारायचं नाही. "आपलं काम कागद आणायचं, माणूस मारायचं नाही." आणि दुसरा, खेळ जिथं थांबवू तिथं एकाच नावानं साठवायचा. मी म्हटलं, दोन-तीन ठेवू, चुकलं तर मागे जाता येतं. म्हणाले, "खोडाखोड नको. रेकॉर्ड एकच असतं." दीड महिना आम्ही असं खेळलो. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. मला ते दिवस फार आवडत होते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग ती विधवा भेटली. सरायीत चुलीपाशी बसलेली काळ्या कपड्यांतली बाई. तिचं काम असं : शहराच्या मनोऱ्यावर एक म्हातारा घंटेवाला राहतो. त्यानं साक्ष दिली की तिच्या नवऱ्यानं शत्रूला वेशीचं दार उघडून दिलं. नवरा फासावर गेला. त्या घंटेवाल्याला मारायचं. बक्षीस म्हणून नवऱ्याचे मऊ तळव्यांचे बूट. ते घातले की दगडावर पाय वाजत नाहीत.

मी म्हटलं, "हे सोडूनच द्यायचं ना, काका?"

"सोडायचं का धरायचं ते नंतर. आधी त्याचं म्हणणं ऐकू. एकीकडचंच ऐकून निकाल देत नाहीत."

आम्ही मनोऱ्यावर चढलो. म्हातारा खाली घंटेपाशी होता. त्याच्या खोलीत पेटी होती, पेटीत पत्रांचा गठ्ठा. काकांनी एकेक पत्र वाचलं. साक्ष खोटी होती. म्हाताऱ्याच्या मुलीला अटकेत ठेवून ती त्याच्याकडून वदवून घेतली होती. पुढे मुलगीही राहिली नाही. दर वर्षी त्यानं त्या विधवेला एक पत्र लिहिलं होतं आणि एकही पाठवलं नव्हतं.

काकांनी शेवटचं पत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ही पत्रं तिला नेऊन द्या."

मी नेली. पण खेळात तशी सोय नव्हती. आम्ही गठ्ठा घेऊन बाईसमोर उभे राहिलो की ती एकच वाक्य बोले, "काम झालं का?" तीन-चारदा करून बघितलं. काकांनी चष्मा काढला. "राहू दे. हे काम असंच राहू दे. तामील झालं नाही, कागद पोचला नाही, एवढंच."

यादीत ते काम अर्धवट दिसत राहिलं. बाकी सगळ्यांपुढे खूण, त्याच्यापुढे रिकामा चौकोन. मला तो खुपायचा. शिवाय पुढच्या कामात आम्ही अडकलो. संगमरवरी दिवाणखाना ओलांडायचा होता आणि पाय वाजल्याशिवाय तो ओलांडताच येत नव्हता. आठवडाभर आम्ही तिथं पकडले जात होतो. काका म्हणत, "होईल. घाई कुठंय?" घाई मलाच होती.

नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. दुपारी मी एकटी होते. मी मनोऱ्यावर गेले.

म्हातारा खोलीत दाराकडे पाठ करून जेवत होता. माझं पाऊल त्यानं ऐकलं, पण वळला नाही. नुसतं म्हणाला, "आलास का? बस, गरम आहे." कुणाला तरी रोज जेवायला बोलावत असावा. मी खंजिराचं बटण दाबलं.

खेळच होता. आवाजसुद्धा फार नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, आनंद झाला. इतकं सफाईदार काम, कुणी बघितलं नाही. मी धावत सरायीत गेले. बाई म्हणाली, "काम झालं का?" आणि या वेळी उठून उभी राहिली, बूट दिले आणि निघून गेली. चौकोनात खूण पडली. मी खेळ साठवला, त्याच एका नावानं.

दुसऱ्या दिवशी काका आले, खुर्ची ओढून बसले. मी दिवाणखाना एका दमात ओलांडला.

"पाय वाजले नाहीत," ते म्हणाले.

"बूट मिळाले."

"कुठं?"

"तिथंच, एका पेटीत होते."

ते म्हणाले, "मॅडम, जरा मनोऱ्यावर चला."

मी म्हटलं, आता कशाला, उगाच वेळ जाईल. ते म्हणाले, "चला." मी गेले. दुसरं काय करणार? घंटेवाला टेबलावर पालथा पडला होता. काकांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ सरकले आणि मला हळूहळू खोलीभर फिरवलं. दिवा. पेटी. ताट. दार.

"पहारेकऱ्यांनी मारलं असेल," मी म्हणाले. "हा गेम करतो असं कधी कधी. आपोआप."

माझं हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. बावीस वर्षांची पदवीधर मुलगी, मुलांना शिकवणारी, आणि म्हाताऱ्या माणसाला कॉम्प्युटर कळत नाही या भरवशावर बोललेली.

ते पंचनामा सांगावा तसे बोलले. "पहारेकरी दोघंही खालच्या जिन्यात, जागेवर. दिवा जळतोय, म्हणजे झटापट नाही. ताट अर्धं. इसम वळलेला नाही. ओळखीचा समजून बसून राहिला." मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं. "पोरी, तू मारलंस ते सोड. तो खेळ आहे, उद्या दुसरा घंटेवाला येईल. पण तू रिपोर्ट खोटा दिलास."

मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं. मी कीबोर्डकडे बघत बसले.

ते उठून जातील असं वाटलं. गेले नाहीत. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बाजूच्या बंद मशीनकडे बघत बोलायला लागले. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. राजूरच्या पलीकडे डोंगरात एक वाडी, तिथल्या एका माणसावर त्याच्या चुलतभावानं जमिनीचा दावा लावला होता. समन्स द्यायला हे निघाले. राजूरला बाजार होता. तिथून वाडी चार कोस, चढाची.

"कारण काही नव्हतं," ते म्हणाले. "पाऊस नव्हता, ताप नव्हता. पाय दुखत होते. मी बाजारात बसून शेव खाल्ली आणि तिथंच रिपोर्ट लिहिला. सदर इसम घरी मिळून आला नाही, सबब समन्स दर्शनी दारावर चिकटवले. बाजारातल्याच दोघांचे अंगठे पंच म्हणून घेतले. समन्स ओढ्यात टाकलं."

माणूस तारखेला आला नाही. निकाल एकतर्फी झाला. अर्धी जमीन गेली. आणि ताबा द्यायला पाठवलं यांनाच.

"त्या दिवशी मात्र चढून गेलो. तो म्हणाला, सायब, कागद आलाच न्हाई. मी काय म्हणालो असेन?"

मी माहीत नाही अशी मान हलवली.

"म्हणालो, चिकटवला होता. वाऱ्यानं गेला असेल."

काका उठले. चपला घालताना पाठमोरेच म्हणाले, "बरीच वर्षं जायचं म्हणतोय. येत्या रविवारी जातो. तुम्ही या बरोबर. पंच म्हणून. एकट्यानं कबूल केलेलं मी धरत नाही. आणि खोटा रिपोर्ट काय असतो ते तुम्हाला आता कळलंय."

"येते," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. तेवढं एक खरं होतं.

रविवारी पहाटे तारकपूर स्टँडवर सहाच्या गाडीला भेटायचं ठरलं होतं. मी साडेचारला उठले. आईला सांगितलं, क्लासच्या कामानं संगमनेरला जायचंय. तिनं पोळ्या करून दिल्या. मी साडी नेसू की ड्रेस घालू यात वेळ घालवला. मग कॉटवर बसले. कोण कुठले काका, कोण कुठली वाडी. ती माणसं त्यांना शिव्या देतील, मला विचारतील तू कोण, मी काय सांगू? घंटेवाल्याबद्दल सांगू? हसतील. सहा वाजले. साडेसहा वाजले. स्टँड आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर होता. मी ड्रेस बदलला आणि आईला म्हटलं, "काम रद्द झालं." आईनं त्याच पोळ्या नाष्ट्याला वाढल्या. मी खाल्ल्या.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी आले, दाराच्या बाजूला उभे राहिले. "या काका," मी म्हणाले. चपला काढून आत आले आणि आपल्या नेहमीच्या मशीनपाशी बसले. क्लास भरला होता, मुलं टाइप करत होती. मी त्यांच्याजवळ गेले. कसं सुरू करावं ते मला सुचेना. त्यांनीच सुरू केलं, हळू आवाजात.

"दोन गाड्या सोडल्या. तिसरीनं गेलो."

मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

"तो माणूस वारला. सहा वर्षं झाली. म्हातारी आहे. मला ओळखलं तिनं. म्हणाली, तुमीच ना त्ये, वाऱ्यानं गेला म्हनलेलं? मी म्हणालो, होय. वाऱ्यानं गेला नव्हता. मी आलोच नव्हतो."

"मग?"

"मग ती म्हणाली, ठावं हाय. त्या वक्ताला आमी समदी खळ्यावरच हुतो, भात झोडीत. दाराम्होरंच. कागद येनार म्हनून कळ्ळं हुतं, चार दिस वाट बघितली. आमी गुळाचा च्या पितो. सायब येनार म्हनून त्यानं राजूरवरनं साखर आनून ठिवली हुती."

काकांचा उजवा हात टेबलावर उताणा पडला होता. ते त्या हाताकडे बघत होते.

"शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेणार होतो. तयारीनं गेलो होतो. साखरेची तयारी नव्हती."

शेजारच्या मुलानं विचारलं, "मॅडम, फाइल सेव्ह कुठं करू?" मी त्याला काहीतरी सांगितलं. परत वळले तेव्हा काका माझ्याकडे बघत होते. नजरेत राग नव्हता. काही तरी मागितल्यासारखी नजर होती, आणि ती मला झेपत नव्हती.

"म्हातारीनं विचारलं, एवढ्या लांब एकलंच आलात व्हय? मी म्हणालो, एक मॅडम येणार होत्या बरोबर. त्यांना अचानक ताप भरला."

त्या घरात, त्या बाईसमोर, इतक्या वर्षांनी खरं बोलायला गेलेला हा माणूस. आणि माझ्यासाठी त्याला तिथं हे म्हणावं लागलं होतं.

"भरला होता ना, मॅडम?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला मला एकच शब्द पुरला असता. समोर ते होते, आजूबाजूला मुलं टाइप करत होती, कुणाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "भरला होता."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि एका बोटानं टाइप करायला लागले.